सीताबर्डीची बंदूक : ठसे, तारखा आणि किंमत

2018 साली नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर सुशोभीकरणासाठी खोदकाम चालू असताना जमिनीतून चार तोफा निघाल्या. सीताबर्डीचा किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्यांचा संबंध इंग्रज आणि भोसले यांच्यात इथे झालेल्या 1817 च्या लढाईशी जोडला जाणे साहजिकच होते. विदर्भात जुन्या हत्यारांच्या बाबतीत नेहमी असेच घडते. वाड्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली की ती ‘भोसल्यांच्या वेळची’ ठरते आणि नळी जरा लांब असली तर ‘सीताबर्डीच्या लढाईतली’. घरातली माणसे हे खोटे सांगत नसतात. आजोबांनी सांगितलेले ती पुढे सांगतात, इतकेच. पण लोखंडाला स्वतःची साक्ष असते. ती साक्ष आणि लढाईच्या रात्रीचे कागद समोरासमोर ठेवले, तर सीताबर्डीची बंदूक कोणती असू शकते आणि कोणती मुळीच असू शकत नाही, हे बऱ्याच अंशी ठरवता येते.

आधी कागद पाहू. लढाईचे मुख्य वृत्तांत इंग्रजी बाजूचे आहेत. प्रिन्सेपचे पुस्तक 1820 चे, व्हॅलेंटाइन ब्लॅकरचा युद्धवृत्तांत 1821 चा, ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 चा. ब्लॅकर लष्करी अधिकारी होता, त्यामुळे टेकड्या, तुकड्या, तोफा यांचे त्याला भान आहे आणि त्याने लढाईचा नकाशाही दिला आहे. हे तिघेही जिंकणाऱ्यांचे लेखक आहेत, हे विसरून चालत नाही. शत्रूची संख्या मोठी दाखवण्यात त्यांचा फायदा होता. मात्र कोणत्या पलटणीकडे कसली हत्यारे होती, यात फुगवून सांगण्यासारखे काही नव्हते. म्हणून आपल्या कामापुरते हे वृत्तांत भरवशाचे वाटतात.

त्यांतून उभे राहणारे चित्र असे. सीताबर्डीला दोन टेकड्या, मधे अरुंद खिंड. दक्षिणेकडची मोठी, उत्तरेकडची लहान, पण मोठीवर मारा करता येईल इतकी जवळ. कर्नल हॉप्टन स्कॉटच्या हाताखाली मद्रासच्या 20 व्या आणि 24 व्या पायदळाच्या पलटणी, बंगालच्या 6 व्या घोडदळाचे तीन रिसाले आणि चार सहा-पौंडी तोफा होत्या. एकूण माणसे तेराशे ते पंधराशे. आकडे ग्रंथागणिक बदलतात. समोर अप्पासाहेब भोसल्यांची सुमारे अठरा हजारांची फौज, तिच्यात तीन हजारांच्या आसपास अरब शिपाई, आणि छत्तीस तोफा. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. सकाळी लहान टेकडीवर इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरबांनी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर वळवली. पुढे कॅप्टन फिट्झगेराल्डने मैदानात घोडदळ घातले आणि भोसल्यांच्या दोन तोफा हस्तगत केल्या. मग अरबांमध्येही दारूचा स्फोट झाला आणि इंग्रज पायदळाने लहान टेकडी परत घेतली. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून 367. नागपूरच्या इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सचा सहायक सोथबी मेला, लहान टेकडीवरचा कॅप्टन सॅडलरही मेला.

या वर्णनातून हत्यारांचे तीन गट निघतात : कंपनीच्या शिपायांच्या चकमकीच्या बंदुका, अरबांच्या तोड्याच्या बंदुका आणि दोन्हींकडच्या तोफा. आजच्या नागपुरात या तिन्हींचा माग वेगवेगळ्या रीतीने काढावा लागतो.

शिपायांच्या बंदुकीबद्दल सर्वांत जास्त ठाऊक आहे, कारण तिच्यामागे कंपनीचा हिशेबी कारभार होता. ईस्ट इंडिया कंपनी लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून ठरावीक नमुन्याच्या बंदुका घ्यायची. 1771 च्या सुमारास तिने 39 इंच नळीचा नमुना पक्का केला. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुकांची टंचाई पडली, तेव्हा 1794 पासून त्याने कंपनीचाच साठा उचलला आणि पुढे तोच नमुना आपला केला. ‘इंडिया पॅटर्न’ हे नाव तेव्हापासूनचे. नळीचे भोक पाऊण इंचाचे, गोळी त्याहून बरीच लहान, म्हणजे एका पौंड शिशात साधारण चौदा होतील एवढी. अशी सैल गोळी काजळीने भरलेल्या नळीतही झटकन ठासता येते. लहान टेकडीवर रात्रभर गोळीबार टिकला, त्यामागे हेही एक कारण असणार, असे मला वाटते. पौंडात किती गोळ्या होतात यावरून भोक मोजायची हीच पद्धत पुढे बारा बोअरपर्यंत चालत आली.

आता बंदूक हातात घेऊन पाहायचे ते चापाकडे, म्हणजे घोडा आणि गारगोटी बसवलेल्या उजव्या अंगाच्या पट्टीकडे. जुन्या कंपनी बंदुकांवर तिथे चार भागांचे बदामाच्या आकाराचे चिन्ह असते, त्यात कंपनीची आद्याक्षरे आणि वर चारच्या आकड्यासारखी खूण. व्यापारी गाठोड्यांवर मारायचा तोच शिक्का. शेजारी बऱ्याचदा कारागिराचे नाव आणि वर्षही कोरलेले असते. 1808 च्या सुमारास हे चिन्ह गेले आणि त्याच्या जागी मागच्या पायांवर उभा राहून पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. बदाम असो की सिंह, दोन्ही 1817 ला चालतात, कारण पलटणीत जुन्या-नव्या बंदुका एकत्र असायच्या. मग बारकाई घोड्याच्या मानेत शोधायची. आधीच्या नमुन्यात ती हंसासारखी वळलेली आणि बारीक असते. 1809 नंतरच्या नमुन्यात मान जाड होते आणि तिच्या पोटात भोक राहते, कारण बारीक मान लवकर मोडायची.

चापावरून नळीकडे यावे. नळीच्या मागच्या टोकाला, डाव्या अंगाला परीक्षेचे ठसे असतात. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला 1637 ची सनद आहे, म्हणून त्यांचे मुकुटाखालचे ठसे फार मोठा काळ व्यापतात आणि तारखेसाठी फारसे उपयोगी पडत नाहीत. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह मात्र 1813 मध्ये उघडले. त्यामुळे त्याचा ठसा असलेली चकमकीची बंदूक सीताबर्डीच्या लढाईत असायची तर ती 1813 ते 1817 या चार वर्षांत बनून, जहाजाने येऊन, शिपायाच्या हाती पडलेली असली पाहिजे. ते अशक्य नाही, पण शक्यता अंगठ्याच्या नखाएवढी उरते.

याहून सोपी आणि निर्णायक कसोटी आहे ती बार पेटवण्याच्या पद्धतीची. नळीच्या मागे उजवीकडे बारीक चिमणीसारखा उभा नळ असेल आणि त्यावर तांब्याची टोपी बसवून घोडा आपटायची सोय असेल, तर ती टोपीची बंदूक. फॉर्सिथने स्फोटक क्षाराचे पेटंट 1807 मध्ये घेतले, तांब्याची टोपी 1820 च्या आसपास रूढ होऊ लागली आणि फौजेत ती 1840 च्या दशकात पोहोचली. त्यामुळे मूळची टोपीची बंदूक सीताबर्डीच्या लढाईत असू शकत नाही. वाड्यांमध्ये लढाईच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बंदुकांपैकी टोपीच्या बंदुकांचा दावा या एका कसोटीवर संपतो. अपवाद एकच. पुष्कळ चकमकीच्या बंदुका नंतर टोपीच्या करून घेतल्या गेल्या. अशा बंदुकीच्या चापावर रंजकाचा, म्हणजे पेटवणीच्या दारूचा, प्याला काढून टाकल्याची बुजवलेली भोके दिसतात आणि नळीच्या कानाच्या (आत आग जाण्याच्या भोकाच्या) जागी ठोकून बसवलेला धातूचा तुकडा. ही भोके दिसली तर दावा लगेच फेटाळू नये. ती बंदूक दोन पिढ्या वापरात राहिलेली आहे.

अरबांच्या बंदुका हा वेगळाच प्रश्न आहे. त्यांच्याकडे लांब नळीच्या, तोड्याच्या बंदुका होत्या. धुमसती वात घोड्याच्या चिमट्यात धरायची आणि कळ दाबली की ती रंजकावर टेकायची. त्यांवर कंपनीचे ठसे नसतात, वर्षही क्वचितच सापडते. पण त्या नागपुरात कमी का आढळाव्यात, याचे एक कारण कागदांत आहे. 16 डिसेंबर 1817 ला जनरल डव्हटनने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तरी अरब शहरात आणि राजवाड्यात दबा धरून राहिले. 24 डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला. शेवटी वाटाघाट झाली आणि 30 डिसेंबरला ते कुटुंबकबिला, सामान आणि खासगी हत्यारे घेऊन, इंग्रज अधिकाऱ्याच्या सोबतीने मलकापूरच्या वाटेने बाहेर पडले. लहान टेकडी जिंकणाऱ्या माणसांच्या बंदुका बहुतांशी अशा वेशीबाहेर गेल्या. तेव्हा नागपुरातली प्रत्येक तोड्याची बंदूक ‘अरबाची’ म्हणणे सोडून द्यावे. गोंड जमीनदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत अनेकांकडे तशा बंदुका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होत्या.

भोसल्यांच्या स्वतःच्या सरंजामाचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे, कारण किंमत ठरवताना ‘राजघराण्यातली’ हा शब्द फार वापरला जातो. तिसरे रघूजी 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. जवाहीर कलकत्त्याला लिलावात गेले. इंग्रज इतिहासकार जॉन के याने 1864 मध्ये शिपायांच्या युद्धाचा इतिहास लिहिताना सीताबर्डीचा खास उल्लेख केला आहे : राजाचे हत्ती, घोडे आणि बैल इथेच हातोड्याखाली कवडीमोलाने गेले. इंग्रज असूनही त्याला हे लाजिरवाणे वाटले, हे त्याच्या लिहिण्यातून कळते. अशा लिलावातून आलेल्या वस्तूला आज राजघराण्याची म्हणायचे तर विक्रीची पावती, यादीतली नोंद किंवा वस्तूवरचा दरबारी ठसा हवा. यांपैकी काहीच नसेल तर ती भोसले काळातली म्हणता येईल, भोसल्यांची नाही.

तोफांचे वाचन बंदुकांपेक्षा सोपे असते, कारण इंग्रजी ओतशाळा वजन कोरून ठेवत. मध्ये रेघ किंवा जागा सोडलेले तीन आकडे शोधावेत. समजा 17-2-10 असे दिसले. पहिला आकडा 112 पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा 28 पौंडांच्या पावाचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे 1904 अधिक 56 अधिक 10, एकूण 1970 पौंड. सुमारे 894 किलो. स्कॉटच्या सहा-पौंडी मैदानी तोफा पितळी मिश्रधातूच्या, सुमारे पाच फुटी आणि सहा-सात हंड्रेडवेटच्या असत, बैल किंवा घोडे ओढतील इतक्या. तेव्हा सीताबर्डीच्या परिसरात लांब, ओतीव लोखंडी, जड तोफ सापडली तर ती इंग्रजांच्या बाजूने त्या रात्री टेकडीवर असण्याचा संभव फार थोडा. ती भोसल्यांची असू शकते किंवा लढाईनंतर उभारलेल्या किल्ल्याची. हा किल्लाच मुळी लढाईनंतरचा आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

जमिनीखाली निघालेली वस्तू आणि कपाटात निघालेली वस्तू यांत मोठा फरक आहे. कपाटातली बंदूक बहुधा खूप नंतरची असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात शिकारीचा जोर होता. मालगुजार, वकील, जंगल खात्याचे अधिकारी यांच्या घरांत दुनळ्या आल्या. बेल्जियमच्या लिएज शहराच्या अनेक दुनळ्या स्वस्तात मिळत. त्यांच्या नळीखाली अंडाकृती चौकटीत तीन रोमन अक्षरे असतात. चौकटीवर मुकुट असेल तर बंदूक 1893 नंतरची. इंग्रजी दुनळीच्या नळीवर ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ठोकलेले असतील तर परीक्षा 1875 ते 1887 या काळातली. एवढ्यानेच अनेक ‘दीडशे-दोनशे वर्षांच्या’ बंदुकांचे वय निम्म्यावर येते.

या कपाटांतली सर्वांत नवी आणि सर्वांत चुकीची ओळखली जाणारी वस्तू म्हणजे एकनळी, पाठ चौकोनी उठलेली, आपोआप काडतूस भरून घेणारी बंदूक. अमेरिकेतल्या युटाच्या जॉन ब्राउनिंगने तिचे पेटंट 9 ऑक्टोबर 1900 ला मिळवले. बार उडाला की नळी आणि खटका दोन्ही एकत्र मागे सरकतात, खटका मागे अडकतो, नळी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि मग खटका नवे काडतूस घेऊन पुढे येतो. विंचेस्टरशी ब्राउनिंगचे मानधनावरून बिनसले. रेमिंग्टनच्या अध्यक्षाला भेटायला तो गेला, तर त्याच दिवशी, 8 जानेवारी 1902 ला, अध्यक्षाचे हृदयविकाराने निधन झाले. मग तो लिएजजवळच्या एर्स्टालच्या एफएन कारखान्याकडे वळला. अमेरिकेतल्या आयातकरामुळे 1905 पासून रेमिंग्टननेही परवान्यावर तीच बंदूक काढली आणि 1911 मध्ये तिला ‘मॉडेल 11’ हे नाव दिले. ब्राउनिंगच्या नावाची बंदूक 1998 पर्यंत चालू राहिली.

हिची तारीख लावताना हमखास एक चूक होते. रेमिंग्टनच्या नळीवर पेटंटच्या तारखा ठोकलेल्या असतात. त्यांतली 1900 वाचून लोक तेच जन्मवर्ष मानतात. खरी तारीख नळीवरच्या बारीक अक्षरांत असते. 1921 पासून रेमिंग्टनने महिना आणि वर्ष अक्षरांनी लिहिले. एल हे अक्षर महिन्याचे असेल तर फेब्रुवारी, वाय हे वर्षाचे असेल तर 1930. पण ही तारीख नळीची आहे. या बंदुकीची नळी सहज निघते, म्हणून पेटीवरचा अनुक्रमांक वेगळे वर्ष सांगत असेल तर नळी बदललेली आहे असे समजावे; अशा बंदुकीची किंमत उतरते. बेल्जियन बंदुकीवर लिएजच्या परीक्षागृहाचे वार्षिक अक्षर पाहावे. ते 1922 मध्ये ए पासून सुरू झाले. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात होते, त्या वर्षांतली ‘एर्स्टालची शिकारी बंदूक’ कोणी पुढे केली तर दोनदा तपासावे. जुन्या सोळा बोअर बेल्जियन बंदुकांचे काडतूसघर 65 मिलिमीटरचे असते. त्यात आजचे 70 मिलिमीटरचे काडतूस घालणे धोक्याचे आहे. शोभेच्या किंवा संग्रहाच्या बंदुकीत ते घालून पाहण्याचा विचारही करू नये.

या बंदुकीला हिंदुस्थानात कायद्याने वेगळे वळण दिले. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली 1962 मध्ये नियम झाले, त्यांत अर्धस्वयंचलित बंदुका साध्या बारा बोअरच्या गटात न ठेवता वरच्या, कडक गटात टाकल्या. त्यामुळे एकाच कपाटातल्या दुनळीचा परवाना सहज नव्याने होतो आणि शेजारच्या ब्राउनिंगचा होत नाही. पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार जवळजवळ संपली, 1980 च्या दशकात खासगी आयात बंद झाली आणि 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. परिणाम विचित्र झाला. आयात बंद झाल्याने चांगल्या विलायती दुनळीला इथे परदेशापेक्षा जास्त दाम येतो. अर्धस्वयंचलितला मात्र कायदेशीर गिऱ्हाईकच कमी, म्हणून परदेशी सूचीतली किंमत बघून इथे भाव लावणे निरर्थक आहे.

लढाईच्या बंदुकीची किंमत वेगळ्या हिशेबाने होते. निव्वळ धातूच्या आणि कारागिरीच्या दृष्टीने इंडिया पॅटर्न दुर्मीळ नाही. त्या लाखांनी बनल्या. तिची किंमत वाढवतो तो पुरावा. 1851 मध्ये कंपनीने ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे पदक जाहीर केले. त्याच्या एकवीस पट्ट्यांत ‘सीताबर्डी’ आणि ‘सीताबर्डी व नागपूर’ अशा पट्ट्या आहेत. पदकाच्या कडेवर मिळवणाऱ्याचे नाव असते आणि ते नोंदवहीशी ताडता येते. त्यामुळे त्या लहानशा चांदीच्या तुकड्याला संग्राहक मोठी किंमत देतात. बंदुकीवर शिपायाचे नाव नसते, फार तर पलटणीची खूण असते. इथे एक गोष्ट उपयोगी पडू शकते. 24 वी पलटण ही 1806 च्या वेल्लोरच्या बंडानंतर मोडलेल्या 1 ल्या पलटणीच्या जागी उभी राहिली होती आणि सीताबर्डीतल्या पराक्रमाबद्दल तिला तिचा जुना पहिला क्रमांक परत मिळाला. म्हणून मद्रासची 24 वी अशी खूण असलेली, 1817 आधीच्या घडणीची बंदूक मिळाली, तर तो खरा दावा ठरेल. तशी बंदूक पुढे आली तर मी तिच्यासमोर हात जोडीन.

ज्यांच्या घरात असे काही आहे त्यांना सांगणे इतकेच. बंदूक पॉलिश कागदाने घासू नका. चकाकीसाठी ठसे गेले की तिचे वय आणि किंमत दोन्ही जाते. चाप, नळीची खालची बाजू आणि दस्त्यावरची प्रत्येक खूण यांची स्वच्छ उजेडात छायाचित्रे काढा. जुना परवाना, दुकानाची पावती, वारसाचा अर्ज, फाटका का असेना, बंदुकीसोबतच ठेवा. वापरता न येणाऱ्या, पुरातन बंदुकांना शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात सूट आहे, पण ती सूट लागू आहे की नाही हे घरी ठरवू नका. पोलिस आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. आणि घरात सांभाळणे जमत नसेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी 1863 पासून उभ्या असलेल्या आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात, जाऊन अभिरक्षकांना एकदा विचारून बघा.